आजोबांची सही

माझ्या भाच्याच्या जन्माची नोंद दोनदा झाली. पहिली २०१४ साली, येथे गोव्यात, तो जन्मल्यावर थोड्याच दिवसांत. दुसरी तो दहा वर्षांचा असताना लिस्बन शहरात झाली. ते शहर त्याने तोवर नकाशातच पाहिले होते. या दोन नोंदींच्या मधल्या काळात जे कागद गोळा करावे लागले, त्यांतील बहुतेक माझ्या हातून गेले. धाकट्या भावाचा हा मुलगा आमच्याच शाळेत पाचवीत शिकत होता. त्यामुळे शेवटचा कागदही मलाच लिहावा लागला. त्या कागदांची ही हकीकत आहे, आणि त्यांतील एका कागदाच्या बाबतीत माझ्याकडून जे घडले त्याची कबुलीही.

माझा भाऊ अनेक वर्षे आखाती देशांतील हॉटेलांत स्वयंपाकी होता. वर्षातून एक महिना तो घरी येई. मुलगा ओळखीचा होऊ लागे तोच त्याच्या परतीची तारीख जवळ येई. २०२२ च्या गणेशचतुर्थीला तो आला, तेव्हा त्याने मनातला बेत सांगितला. लिस्बनमध्ये काम करणारे त्याचे स्नेही होते. तेथे गेल्यास बायको आणि मुलगा दोघांनाही सोबत नेता येईल आणि कुटुंब एका छपराखाली राहील, असे त्याचे म्हणणे होते. "ताई, मुलाचे बालपण मी फोनवर पाहिले. आता उरलेले तरी डोळ्यांनी पाहू दे," असे तो म्हणाला. यावर उत्तर देणे सोपे नव्हते.

गोव्यातील माणसाला हा मार्ग कसा खुला आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांना कदाचित ठाऊक नसेल. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६२ साली निघालेल्या नागरिकत्वाच्या आदेशाने येथील लोक २० डिसेंबर १९६१ पासून भारताचे नागरिक ठरले. परंतु पोर्तुगालने ही मुक्ती त्या वेळी मान्य केली नाही. १९७४ च्या एप्रिलमध्ये तेथील हुकूमशाही कोसळली आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी झालेल्या कराराने पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व स्वीकारले. तरीही मुक्तीपूर्वी येथे जन्मलेल्यांना आपल्या जन्माची नोंद लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात करवून पोर्तुगीज नागरिक म्हणून ओळख मिळविता येते. त्यांच्या मागून त्यांच्या मुलांना आणि मग नातवंडांनाही ती वाट मोकळी होते. मात्र नोंदी शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे एकीवर एक चढवाव्या लागतात. आधी आजोबांचा जन्म, मग त्यांचा विवाह, मग मुलाचा जन्म, त्याचा विवाह आणि सर्वांत शेवटी नातवाचा जन्म. पहिली पायरी नसेल तर पुढची एकही नाही.

आमच्या घरातील ती पहिली पायरी म्हणजे माझे बाबा. त्यांचा जन्म १९३८ चा.

बाबांच्या जन्माच्या नोंदीचा संपूर्ण उतारा मिळविण्यासाठी मी तालुक्याच्या नोंदणी कचेरीत गेले. जुने, जाडजूड पुस्तक उघडले गेले. पिवळसर पानांवर तपकिरी पडलेल्या शाईने, वळणदार पोर्तुगीज अक्षरांत सारा मजकूर होता. नाईक हे आमचे साधे आडनाव तेथे शेवटी क्यू, यू आणि ई अशी तीन अक्षरे लावून बसले होते. बाबांच्या नावातील 'श' एक्स या अक्षराने लिहिला होता. माझ्या भावाच्या दाखल्यावर वडिलांचे नाव इंग्रजी वळणाने लिहिलेले. मतदार यादीत तिसरेच. तिन्ही नावे एकाच माणसाची आहेत असे प्रतिज्ञापत्र पुढे करावे लागले. त्या दिवशी मात्र मी त्या पानाकडे नुसती पाहत राहिले. ज्या राज्याशी माझ्या वडिलांनी वैर केले, त्याच राज्याच्या कारकुनाने त्यांचा जन्म किती निगुतीने लिहून ठेवला होता!

वैर हा शब्द मी विचारपूर्वक वापरते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींच्या तुकड्या सीमा ओलांडून गोव्यात शिरल्या आणि त्यांच्यावर गोळीबार झाला, हे इतिहासात आपण वाचतो. त्या दिवसांत सतरा वर्षांचे बाबा गावोगाव पत्रके पोहोचवीत असत. एका पहाटे ते पकडले गेले. चौकीत त्यांच्या तळहातांवर पालमातोरीचे फटके बसले. पालमातोर म्हणजे भोके पाडलेली, दांडा असलेली लाकडी फळी. उजव्या हाताचे एक बोट त्यानंतर कधीच पुरते सरळ झाले नाही. बाबा ही गोष्ट फारशी सांगत नसत. आम्हा मुलांना ती आईकडून कळली. आता त्याच हाताने त्यांनी पोर्तुगालच्या नोंदणी कार्यालयाला अर्ज करावा आणि त्यावर सही करावी, असे आम्ही सांगणार होतो.

आता ती कबुली. तो उतारा घरी आणल्यावर मी तो कोणालाच दाखविला नाही. आईच्या जुन्या ट्रंकेत, तिच्या शालूच्या घडीत ठेवून दिला. भावाला सांगितले की, पुस्तक अजून सापडलेले नाही. असे आठ दिवस गेले. बाबांच्या मनाला त्रास होऊ नये म्हणून मी हे करते आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरे सांगायचे तर तसे नव्हते. मुलगा जाऊ नये, असे मला वाटत होते. मला मूलबाळ नाही. सकाळी शाळेत जाताना तो माझे बोट धरून चाले, आणि ते बोट सुटू नये यासाठी मी एका वडीलधाऱ्या माणसाच्या स्वाभिमानाची ढाल पुढे केली होती.

नवव्या दिवशी संध्याकाळी बाबा सोप्यावर बसले होते. मी दिवा लावून येताच ते म्हणाले, "कागद मिळाला ना?" मी गप्प राहिले. "कचेरीतला शिपाई आपल्या वाड्यावरचाच आहे. त्याने मला त्याच दिवशी सांगितले," एवढेच ते बोलले, रागावले नाहीत. मी उठून ट्रंक उघडली आणि उतारा त्यांच्या हाती दिला. चष्मा लावून त्यांनी तो सावकाश वाचला. लहानपणी पोर्तुगीज शाळेत गेल्यामुळे त्यांना तो वाचता येत होता. माझ्यासारखी दुभाष्याची गरज नव्हती. आपल्या आईच्या नावावर येताच ते थांबले. "हे बरोबर लिहिले आहे," असे म्हणाले.

मी न राहवून विचारले, "बाबा, तुम्ही खरोखरच सही करणार?"

ते बराच वेळ अंगणाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "या कागदावर काय लिहिले आहे? मी अमुक साली, अमुक गावी, अमुक आईच्या पोटी जन्मलो. यात खोटे एक अक्षर नाही. जे खरे आहे त्याच्याखाली सही करायला मला लाज कशाची? तेव्हा मी कोण आहे, हे मला कोणी विचारले नव्हते. त्यांनी परस्पर ठरविले. आता या पोराच्या बाबतीत मीही तसेच परस्पर ठरवू काय?"

दुसऱ्या दिवशी सही झाली. बाबा नेहमी देवनागरीतच सही करतात. त्यांच्या साऱ्या ओळखपत्रांवर तीच असल्याने पोर्तुगीज अर्जाखालीही तीच उमटली. वाकडे बोट सांभाळीत त्यांनी 'श' काढला, तेव्हा मी दुसरीकडे पाहिले.

पुढचे काम चिकाटीचे होते. परदेशात दस्तऐवज ग्राह्य धरला जावा म्हणून त्यावर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचे ॲपोस्टिल नावाचे प्रमाणन घ्यावे लागते. भारत या संबंधीच्या हेग येथील करारात २००५ सालापासून आहे. दस्तऐवजांचे पोर्तुगीज भाषांतरही करवून घ्यावे लागते. येथे एक मौज झाली. आजोबांच्या दाखल्याला भाषांतर लागलेच नाही, कारण तो मुळातच पोर्तुगीजमध्ये होता. नातवाचा इंग्रजी दाखला मात्र भाषांतरकाराकडे पाठवावा लागला. ज्या आजोबांनी ते राज्य नाकारले त्यांचे कागद त्या राज्याला विनासायास कळत होते, आणि जो तेथे राहायला निघाला होता त्याची ओळख दुसऱ्याने करून द्यावी लागत होती.

मुलाची बाजू समजून घ्यावी म्हणून मी आपला १९५५ चा नागरिकत्वाचा कायदा वाचला. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. स्वेच्छेने परक्या देशाचे नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व नवव्या कलमाने आपोआप संपते. 'स्वेच्छेने' या शब्दापाशी मी अडखळले. दहा वर्षांच्या मुलाची इच्छा म्हणजे कोणाची इच्छा? त्याच्या वतीने अर्जावर आईबाप सही करतात. मग आठव्या कलमात एक वाक्य सापडले. आईबापांपैकी कोणी रीतसर प्रतिज्ञा करून नागरिकत्व सोडले आणि त्यामुळे अज्ञान मुलाचेही गेले, तर सज्ञान झाल्यावर एका वर्षाच्या आत ते मूल आपले नागरिकत्व पुन्हा मागू शकते. मला हर्ष झाला. मी धावतच जाऊन बाबांना ते वाचून दाखविले. परंतु २०२४ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, ही सोय प्रतिज्ञेने नागरिकत्व सोडणाऱ्यांच्या मुलांपुरतीच आहे. ज्यांचे आईबाप परदेशी नागरिक झाल्यामुळे आपोआप भारतीय राहिले नाहीत, त्यांच्या मुलांसाठी ती नाही. आमच्या मुलासाठी ते दार नव्हते.

एक खिडकी मात्र आहे. परदेशस्थ भारतीय नागरिकाचे कार्ड मिळाले की येथे येण्याजाण्यास आजन्म मोकळीक राहते. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. पण त्या कार्डाला पाच वर्षे झाली, माणूस सज्ञान असला आणि अर्जापूर्वी बारा महिने भारतात राहिला, तर परके नागरिकत्व सोडून भारताचे नागरिकत्व मागण्याचा अर्ज त्याला करता येतो. देणे न देणे सरकारच्या हाती. बाबांना हे सांगितले तेव्हा त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "म्हणजे त्याला येऊन एक वर्ष येथे राहावे लागेल. ठीक आहे. वाईट अट नाही."

मुलाचे भारतीय पारपत्र परत करण्यात आले. पोर्तुगीज पारपत्रावर भारताचा व्हिसा नसल्यामुळे देशाबाहेर पडण्यास परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाची परवानगी लागली. मुलाने मला विचारले, "आत्या, आपल्याच घरातून जायला परवानगी कशाला?" मी इतकी वर्षे मुलांना शिकविते आहे, पण या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही.

शेवटचा कागद शाळा सोडल्याचा दाखला. जे प्रवेशाच्या वेळी रजिस्टरात लिहिले गेले तेच दाखल्यात उतरवायचे, त्यात पदरचे अक्षर घालायचे नाही, हा आमचा नियम. मी जन्मतारीख उतरविली, जन्मस्थळ उतरविले. 'राष्ट्रीयत्व' या रकान्यापुढे प्रवेशाच्या वेळची नोंद होती, 'भारतीय'. ती मी उतरविली. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात लिहिले, 'पालकांचे स्थलांतर'. त्या दोन शब्दांत सर्व काही आले होते आणि काहीच आले नव्हते.

निघण्याच्या दिवशी मुलगा बाबांच्या पाया पडला. घरी आम्ही कोंकणी बोलतो. आमच्याकडे निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही, ते अशुभ मानतात, 'येतो' म्हणतात. हे त्याला कोणी मुद्दाम शिकविलेले नव्हते. वाकून उठताना तो म्हणाला, "आजो, येतां हां." बाबांनी तो वाकडा हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि अट घातली की, दर महिन्याला एक पत्र यावे, आणि ते आपल्या अक्षरांत यावे. आतापर्यंत पत्रे येत आहेत. अलीकडे त्यांतील ऱ्हस्वदीर्घ बिघडत चालले आहेत. बाबा लाल शाईने ते दुरुस्त करून ठेवतात आणि उत्तरात त्याचा उल्लेख करीत नाहीत.

विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर आपला जन्मदाखला एकदा काढून पाहा. आपले नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव अक्षरश: बरोबर आहे ना, ते तपासा. चूक असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. पुढे त्या एका अक्षरापायी वर्ष जाते. आणि तो दाखला पाहत असताना तुमचे आजोबा-आजी जवळ असतील, तर त्यांच्या जन्माची नोंद कोठे आणि कोणत्या अक्षरांत झाली आहे, तेही विचारा. मी ते वेळीच विचारले असते, तर कदाचित तो उतारा आठ दिवस ट्रंकेत दडवून ठेवला नसता.