लोखंड तेच, पायरी वेगळी

आरक्षण, शिष्यवृत्ती, ॲट्रॉसिटीचे खटले असे विषय समोर पडलेले असताना चळवळीतल्या माणसांनी खेळातल्या बाहुल्यांवर लेख लिहावा का, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. आमचे उत्तर साधे आहे. राजा कोण, सैनिक कोण, गुलाम कोण याची चित्रे माणसाच्या मनात गोष्टींमधून तयार होतात. पुराणातल्या गोष्टी आपण तपासल्या. शंबूकाला का मारले, एकलव्याचा अंगठा कुणी मागितला, हे आपण विचारले. आता आपली मुले नव्या गोष्टी पाहतात आणि वाचतात. त्या तपासायच्या सोडून दिल्या तर आपण अर्धेच काम केले असे होईल.

आमच्या अभ्यासवर्गात येणाऱ्या तीन-चार मुलांना 'वॉरहॅमर ४०,०००' या खेळाने वेड लावले आहे. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने हा खेळ १९८७ मध्ये बाजारात आणला. टेबलावर छोट्या मूर्ती मांडायच्या, फासे टाकायचे, पट्टीने अंतर मोजायचे आणि लढाई खेळायची. मूर्ती स्वतः जोडायच्या, स्वतः रंगवायच्या. एका खोक्याला काही हजार रुपये पडतात, त्यामुळे आमची मुले जास्त करून व्हिडिओ पाहतात आणि कथा वाचतात. या खेळाचा काळ चाळीस हजार वर्षांनंतरचा आहे. माणसांचे एक अवाढव्य साम्राज्य आहे, एक सम्राट आहे, आणि न संपणारे युद्ध आहे.

या मुलांची सर्वात लाडकी फौज म्हणजे स्किटारी. मंगळ ग्रहावर 'ॲडेप्टस मेकॅनिकस' नावाचा यंत्रपूजकांचा पंथ आहे, त्या पंथाचे हे सैनिक. अंगावर लाल झगे, चेहऱ्यावर मुखवटे, डोळ्यांच्या जागी चमकणारी भिंगे. त्यांचे पाय कापून तिथे लोखंडी पाय बसवलेले असतात. २०१५ मध्ये या फौजेच्या प्लॅस्टिकच्या मूर्ती आणि स्वतंत्र नियमपुस्तक आले आणि तेव्हापासून तिचे चाहते वाढतच गेले. दिसायला ही फौज रुबाबदार आहे, हे आम्हीही मान्य करतो. पण रुबाबावर भाळून थांबणे हे आपले काम नव्हे. ही फौज चालते कशी, हे पाहिले पाहिजे.

मंगळावर सत्ता आहे यंत्रपुरोहितांची. ते यंत्रदेवाची पूजा करतात. यंत्र सुरू करायचे तर मंत्र म्हणायचे, पवित्र तेल लावायचे, धूप जाळायचा. त्यांची स्वतःची सांकेतिक भाषा आहे. सगळे ज्ञान पूर्वजांनी आधीच शोधून ठेवले आहे, आपण ते फक्त सापडवायचे आणि जपायचे, अशी त्यांची श्रद्धा आहे. नवीन काही शोधणे हे तिथे पाप. प्रश्न विचारणारा पाखंडी. आता वाचकांनीच सांगावे, हे वर्णन वाचून आपल्याला कुणाची आठवण होते? सगळे ज्ञान वेदांत आहे, ते आम्हीच वाचणार, तुम्ही ऐकायचेही नाही, असे सांगणारे लोक आपण पिढ्यानपिढ्या पाहिले आहेत.

आता या व्यवस्थेतली उतरंड पाहा. सर्वात वर यंत्रपुरोहित. तो स्वतःच्या इच्छेने शरीराचे एकेक अवयव काढून लोखंड बसवून घेतो, आणि जितके लोखंड जास्त तितका त्याचा मान मोठा. मधे स्किटारी. त्यालाही लोखंड बसवले जाते, पण ते वरच्यांच्या गरजेप्रमाणे. सर्वात खाली सर्व्हिटर. गुन्हेगार ठरवलेल्या किंवा निकामी ठरवलेल्या माणसाचा मेंदू कोरून काढतात आणि उरलेल्या देहाला यंत्र जोडून त्याच्याकडून ओझी वाहून घेतात. तिघांच्याही अंगात लोखंडच आहे. पण एकाला ते पवित्र करते, दुसऱ्याला हत्यार करते आणि तिसऱ्याची वस्तू करते. म्हणजे पावित्र्य लोखंडात नाहीच, ते पायरीत आहे. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हणून जी गोष्ट आपल्याला समजावून सांगितली, ती इतकी उघडी आम्ही दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेली नाही.

मधल्या पायरीची गंमतही तीच आहे. स्किटारी पूर्ण यंत्र नसतो. त्याला राग येतो, अभिमान वाटतो, त्याची श्रद्धा असते. सर्व्हिटरपेक्षा आपण वरचे आहोत हे त्याला ठाऊक असते. खालच्याकडे पाहून समाधान मानायचे आणि वरच्यापुढे मान वाकवायची, यावरच अशी व्यवस्था टिकते. आपल्या गावगाड्यात वेगळे काय होते?

खेळाच्या नियमांतही हे दिसते. 'डॉक्ट्रिना इम्परेटिव्ह' नावाचा एक नियम आहे. दूर सुरक्षित बसलेला यंत्रपुरोहित स्किटारींच्या डोळ्यांतून रणांगण पाहतो आणि त्यांच्या मेंदूत थेट आज्ञा सोडतो. २०१५ च्या नियमांप्रमाणे एका आज्ञेने त्यांची नेमबाजी सुधारते, पण हातघाईची लढाई बिघडते. दुसऱ्या आज्ञेने उलटे होते. सैनिकाची इच्छा विचारात घेण्याचा प्रश्नच नाही. खेळणाऱ्याला तो एक फायद्याचा डाव वाटतो. पण टेबलावर आज्ञा सोडणारा हात आपला असतो, म्हणून ती आज्ञा गोड लागते, हे आम्ही मुलांना सांगतो. आपण त्या क्षणी पुरोहिताच्या खुर्चीत बसलेले असतो.

यातल्या व्हॅनगार्ड नावाच्या तुकडीची कथा आम्हाला सर्वात जास्त अस्वस्थ करते. त्यांच्या बंदुका किरणोत्सारी असतात. शत्रू त्या विषाने मरतो आणि बंदूक धरणाराही हळूहळू त्याच विषाने झिजतो. त्यांच्या नुसत्या जवळ येण्याने शत्रू कमजोर होतो, असा नियमच आहे. हे सगळे पुरोहितांना ठाऊक आहे. एक मेला की त्या जागी दुसरा उभा करता येतो, एवढाच त्यांचा हिशोब.

हे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे मॅनहोल येते. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्धचा कायदा २०१३ मध्ये झाला. गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले, आणि २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली याचा अर्थच असा की माणसे मरायची थांबली नाहीत. गटार साफ करणारी यंत्रे जगात आहेत, आपल्या देशातही आहेत. तरी विषारी वायूत माणूस उतरवला जातो, कारण यंत्रापेक्षा तो स्वस्त पडतो, आणि तो कुठल्या जातीचा असणार हे आधीच ठरलेले असते.

खेळातल्या कथेत याचे कारण वेगळे दिले आहे, पण निकाल तोच आहे. विचार करणारे यंत्र बनवायला त्या साम्राज्यात सक्त मनाई आहे. मग कामे कोण करणार? त्यांनी उपाय काढला: यंत्राने विचार करायचा नाही, म्हणून माणसाचाच विचार काढून घ्या आणि त्याला यंत्र करा. 'रोबो' हा शब्दसुद्धा इथेच घेऊन जातो. कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० साली लिहिलेल्या नाटकातून तो जगभर गेला, आणि तो ज्या चेक शब्दावरून आला त्याचा मूळ अर्थ आहे वेठ. जमीनदाराच्या शेतावर करावे लागणारे सक्तीचे काम. वेठ म्हणजे काय हे आपल्याला शब्दकोशात पाहावे लागत नाही. महार वतनाच्या नावाखाली रात्री-अपरात्री सरकारी निरोप घेऊन धावणे, मेलेली जनावरे ओढणे, आणि घरचा कर्ता हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणीतरी ते करणे, ही आपल्या पूर्वजांची रोबोगिरीच होती. ती मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले.

म्हणून यंत्राला शिव्या देणाऱ्यांत आम्ही नाही. यंत्राने माणूस बिघडतो, चरख्याकडे परत चला, हा विचार बाबासाहेबांनी साफ नाकारला. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा हिशोब मांडणाऱ्या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी यंत्राची बाजू जोरात घेतली आहे. जनावरासारखे राबणाऱ्या माणसाला विचार करायला फुरसत मिळत नाही, आणि ती फुरसत यंत्रच देऊ शकते, हा त्यांचा मुद्दा होता. दोष यंत्राचा नसतो, ते कुणाच्या मालकीचे आहे आणि त्याचा लाभ कुणाला होतो याची रचना चुकीची असते. अपघातात पाय गेलेल्या माणसाला कृत्रिम पाय मिळाला तर तो कामावर जातो, त्याचे आयुष्य मोठे होते. स्किटारीचा धडधाकट पाय कापून लोखंडी पाय लावतात, तेव्हा त्याचे आयुष्य लहान होते आणि मालकाचे मोठे होते. दोन्हीकडे कारागिरी तीच असेल. माणूस कोणत्या बाजूला उभा आहे, हा फरक आहे.

अभ्यासवर्गात यावर वाद झाला तेव्हा एका मुलाने आम्हाला अडवले. तो म्हणाला, "सर, ते गुलाम नाहीत, सैनिक आहेत. त्यांना आपल्या फौजेचा अभिमान आहे. आपण नाही का कोरेगावचा अभिमान बाळगत?" प्रश्न चांगला होता, आणि तो टाळून चालणार नव्हते.

कोरेगावचा अभिमान आम्हाला आहेच. पण आपल्या लोकांना फौजेने काय दिले ते पाहा. फौजेत पगार मिळाला, अंगावर गणवेश आला, आणि सैनिकांच्या व त्यांच्या मुलांच्या हाती पाटी आली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी फौजेच्या शाळेत शिकवत होते. गोपाळबाबा वलंगकर फौजेतून निवृत्त झाले आणि त्यांनी विटाळाविरुद्ध लेखणी उचलली. १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली तेव्हा तिच्याविरुद्ध अर्ज लिहिणारे हात याच निवृत्त सैनिकांचे होते. आमच्या घरचे सांगायचे तर आमचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात फौजेत गेले ते अंगठा उठवून, आणि परत आले ते सही करत. गावात आल्यावर त्यांनी पहिले काम केले ते तलाठ्याचा कागद स्वतः वाचून पाहण्याचे. बंदुकीबद्दल ते फारसे कधी बोलले नाहीत. सहीबद्दल मात्र मरेपर्यंत बोलत होते.

आम्ही त्या मुलाला एवढेच म्हटले की फौज माणसाला वाचायला शिकवते की त्याचे डोके काढून घेते, यावर तिचा अभिमान धरायचा की नाही हे ठरवावे. आपला सैनिक फौजेतून बाहेर पडला तेव्हा पूर्वीपेक्षा मोठा माणूस झाला होता. स्किटारीला तर फौजेतून बाहेर पडताच येत नाही. आणि अभिमानाचे म्हणशील, तर अभिमान हा स्वातंत्र्याचा पुरावा कधीच नसतो. वतनाचा अभिमान बाळगणारे आपल्यातही होते, आणि वतन सोडा म्हणून सांगताना बाबासाहेबांना त्यांचीही समजूत घालावी लागली.

आणखी एक आक्षेप येतो. हा खेळ विलायतेतला, तिथे जात कुठून आली? तुम्हाला सगळीकडे जातच दिसते! खेळ लिहिणाऱ्यांनी आपल्या जातिव्यवस्थेवर लिहिले, असा आमचा दावा नाही. त्यांच्यापुढे युरोपातली धर्मसत्ता होती, हुकूमशाह्या होत्या. जात जन्माने चिकटते, स्किटारी होणे तसे जन्मावरच ठरते असे नाही, हा फरक मोठा आहे आणि तो विसरू नये. पण ज्ञानावर कुलूप, शुद्ध-अशुद्धाची भाषा आणि पायऱ्यांची उतरंड या गोष्टी एकत्र आल्या की माणसाचे काय होते, हे त्यांच्या कल्पनेलाही तसेच दिसले जसे आपण अनुभवातून पाहिले. विलायतेतल्या लेखकाने ज्याला भयानक भविष्य म्हणून रंगवले, त्याच्या जवळपासचा भूतकाळ आपण जगून आलो आहोत.

हे साम्राज्य आदर्श म्हणून रंगवलेले नाही, हे खुद्द कंपनीलाही सांगावे लागले. २०२१ मध्ये स्पेनमधल्या एका स्पर्धेत एक खेळाडू नाझी चिन्हे असलेला पोशाख घालून बसला आणि त्यावरून गदारोळ झाला. त्यानंतर कंपनीने जाहीर निवेदन काढले की खेळातले साम्राज्य हे व्यंग आहे, त्याचा द्वेष हा आमचा विचार नाही. चांगली गोष्ट आहे. पण व्यंग ज्याला कळत नाही तो त्याचीच भक्ती करू लागतो. म्हणूनच मुलांशी बोलणे आवश्यक आहे. खेळ हिसकावून घेऊन काही साधणार नाही.

आमच्या मुलांनी हा खेळ जरूर खेळावा. मूर्ती रंगवाव्यात, फासे टाकावेत, जिंकावे. फक्त लाल झगा रंगवताना त्याच्या खालचे कापलेले पाय लक्षात ठेवावेत, आणि उद्या कुठल्याही पक्षाने, कंपनीने किंवा बाबाने त्यांना शिस्तबद्ध फौजेत यायचे निमंत्रण दिले तर आधी विचारावे: इथे ज्ञान कुणाकडे राहणार, आणि मला 'नाही' म्हणता येणार का? शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, यात शिकणे सर्वात आधी येते. स्किटारी संघटितही आहेत आणि संघर्षही करतात. त्यांना शिकू मात्र दिलेले नाही.

जय भीम!