मध्येच थांबणे

आमची मनी अंग चाटता चाटता मध्येच थांबते. पाय आढ्याकडे, जिभेचे टोक बाहेर, नजर भिंतीवर. कान मात्र दोन दिशांना! मांजराच्या जिभेवरचे काटे टोकाशी पोकळ असतात आणि लाळ पार केसांच्या मुळाशी नेतात, हे २०१८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिले. पण जीभ थांबते तेव्हा काय? सौ. म्हणते, "उंदीर, दुसरे काय!" मला हे पटत नाही. उंदरापायी मनी इतकी गंभीर होत नाही. जिन्यात काही वाजले असावे, आणि ऐकण्याच्या नादात चाटणे राहून गेले असावे. तिला त्या वेळी कुणी हटकत नाही.

हल्ली आमचे अण्णाही हातात घास धरून असेच थांबतात. "अण्णा, जेवा ना!" आम्ही सगळे एकदम म्हणतो. अण्णा दचकून घास तोंडात घालतात. काय ऐकत होते, ते विचारायचे राहूनच जाते.