गोठ्यातली सुतळी

कारवानी कुत्रं परक्याला अंगाला हात लावू देत नाही, हे आमच्या जत भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पाहुण्याने कुरवाळायला हात पुढे केला की ते मान वळवून चार पावलं लांब जाऊन उभं राहतं. भुंकत नाही, चावतही नाही. नुसता अपमान करतं. आमची सुतळी तशीच. लांब निमुळतं तोंड, पाठीला गेलेलं पोट, बरगड्या मोजून घ्याव्यात. नवा माणूस हटकून विचारायचा, "कुत्रीला खायला घालताय का न्हाई?" आजीला याचा भयंकर राग. दूध-भाकरीचा काला रोज तीच स्वतः कुस्करायची.

ही जात नजरेची. मुधोळच्या घोरपडे राजांनी जोपासलेली, 2005 साली टपाल तिकिटावर झळकलेली. अशा लांब तोंडाच्या कुत्र्यांच्या डोळ्यात नजरेच्या पेशींचा दाट पट्टा आडवा पसरलेला असतो, त्यामुळे पार माळाच्या टोकाला काही हललं तरी त्यांना टिपता येतं. वास काढणं हे यांचं काम नव्हे, असं गावातले जाणते सांगत.

गोठ्यात तलवारीसारख्या शिंगांच्या पंढरपुरी म्हशी होत्या. म्हशीचा उन्हाळ्यातला मुका माज म्हणजे दूधवाल्याच्या डोक्याला ताप. ती रेकत नाही, सोट दिसत नाही, निवांत कडबा खात उभी असते. माज हुकला की 21 दिवस थांबा, तोवर वैरण फुकट. तात्या पहाटे बॅटरी घेऊन एकेकीची शेपटी उचलून बघत, तरी एखादी निसटायचीच.

सुतळीला गोठा आवडत नसे. पाय ओले झालेले तिला खपायचे नाहीत. ती एका सकाळी आपणहून आत शिरली, मुताच्या नाल्यापाशी नाक टेकवून उभी राहिली आणि तिचे दात कटकट वाजायला लागले. ओठांच्या कडेला फेस. कुत्र्याच्या वरच्या दातांमागे टाळूला बारीक भोक असतं. वासातले खास संदेश तिथून वेगळ्या इंद्रियाकडे जातात आणि तेव्हा काही कुत्री अशी दात वाजवतात, हे मला पुष्कळ पुढे वाचायला मिळालं. सुतळी तिथून उठली ती मधल्या म्हशीच्या मागे जाऊन बसली.

आजी म्हणाली, "तात्या, मधलीला दाखव आज."

"आता कुत्रीनं सांगायचं व्हय?" तात्या हसले, पण फोन केला. डॉक्टरांनी हात घालून तपासलं आणि विचारलं, "कसं वळखलं? वेळेवर बोलवलंत." ती म्हैस गाभण राहिली.

पुढे तात्या बॅटरीआधी सुतळीकडे बघू लागले. ती दर वेळी बरोबर असे असं नाही. नुकत्याच व्यालेल्या म्हशीमागेही एकदा ठाण मांडून बसली होती. शिवाय आजीची नजर काही कमी नव्हती, त्यामुळे श्रेय कुणाचं किती हा वाद घरात कायम चालायचा. पण यात जादूटोणा काही नव्हता. अमेरिकेत 1978 साली संशोधकांनी कुत्र्यांना माजावरच्या गायींचा वास ओळखायला शिकवल्याची नोंद आहे. आमच्या कुत्रीला कुणी शिकवलं नव्हतं, एवढाच फरक.

2022 साली 18 हजारांहून जास्त कुत्र्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, यातला जेमतेम 9 टक्के भाग जातीने उलगडतो, असं त्यात निघालं. तात्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग पिल्लांची एवढी किंमत कशाला घेत्यात?"

सुतळीची पिल्लं तात्यांनी मोठ्या आशेने ठेवून घेतली होती. धावायला आईपेक्षा तेज, परक्याला तशीच तुसडी. गोठ्याकडे मात्र एकाही बहाद्दराने कधी ढुंकून पाहिलं नाही, आणि तात्यांची बॅटरी पुन्हा सुरू झाली.