भिलारचा मुक्काम

घरातील वडीलधाऱ्यांचा प्रवास बहुधा एका वाक्याने संपतो : 'आता त्यांना झेपणार नाही.' मुले हे प्रेमापोटीच म्हणतात. परंतु म्हणण्यापूर्वी आईला किंवा वडिलांना विचारलेले असतेच असे नाही. आपल्या घरी असे ठरून गेले असेल, तर यंदाच्या थंडीत भिलारचा विचार करून पाहावा.

पुण्याहून शंभरएक किलोमीटरवर, वाईहून पसरणी घाट चढला की पाचगणी लागते. तेथून महाबळेश्वरच्या वाटेवर थोड्याच अंतरावर हे स्ट्रॉबेरीचे गाव आहे. हिमालयातील मुक्कामाला आपण बिचकतो ते उंचीमुळे. साधारण २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास संभवतो. हा परिसर सुमारे १,३०० मीटरवर असल्याने ती धास्ती येथे नाही. क्षयावर औषध नव्हते त्या काळात, १९१२ मध्ये, डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी पाचगणीत बेल एअर हे आरोग्यधाम उभारले, ते याच हवेच्या भरवशावर.

महाबळेश्वरचे सगळे 'पॉइंट' एका दिवसात उरकण्याची आपल्याकडे रीत आहे. ज्येष्ठांना दमवते ती ही घाई. त्यापेक्षा भिलारला तीन रात्री राहावे, न्याहारीनंतर एकच ठिकाण पाहावे आणि जेवणाच्या व गोळ्यांच्या वेळेला परत यावे.

खरी परीक्षा घाटाची. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उलटीच्या भीतीने उपाशी निघू नये. हलके खाऊन पुढच्या आसनावर बसावे. गाडी लागू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते, क्वचित भ्रम होतो, प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते. तेव्हा त्या डॉक्टरांना विचारूनच द्याव्यात. आणखी एक गोष्ट घरोघरी घडते आणि कोणी बोलत नाही : वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या चिंतेने आजी पाणी पिणे सोडतात, आजोबा लघवीची गोळी गुपचूप टाळतात. त्यांना न विचारता दर तासाभराने गाडी थांबवावी. गोळीची वेळ पुढेमागे करता येईल का, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून समजून घ्यावे.

पाचगणीचे टेबललँड म्हणजे जांभ्या दगडाचे विस्तीर्ण पठार. वर पोहोचल्यावर चाल सपाट, पण दगड खडबडीत आणि घोड्यांची वर्दळ फार. सकाळी लवकर, हाती काठी घेऊन जावे. क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांचे पाणी गोमुखातून पडते. तेथे अनवाणी जावे लागते आणि फरशी ओली असते. पायमोजे घातल्यास पाय अधिकच घसरतो. मधुमेहाने तळव्यांची संवेदना कमी झालेल्यांना खडा टोचलेलाही कळत नाही. म्हणून बाहेर येताच त्यांचे पाय पुसून, तळवे उजेडात पाहावेत. लेकीने वा सुनेने हे केले की दर्शन निम्मे तेथेच घडते, असे मला वाटते!

परतताना वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. मागे कृष्णेचा घाट आणि वसईच्या मोहिमेतून आलेली म्हणून सांगतात ती मोठी घंटा. सर्व पायऱ्या उतरण्याचा आग्रह मात्र कोणी धरू नये. वरूनही नदी दिसते.

आणि ज्या दिवशी गुडघे नाही म्हणतील, त्या दिवशी गावातच थांबावे. ४ मे २०१७ पासून भिलार हे 'पुस्तकांचे गाव' आहे. वेल्समधील हे-ऑन-वाय या गावावरून ही कल्पना सुचली. येथे गावकऱ्यांच्या घरांत, मंदिरांत, शाळेत विषयवार पुस्तके मांडलेली असतात आणि कोणीही बसून वाचावीत. माझ्या आईने दुसऱ्याच दिवशी 'मी कोठेही येणार नाही' असे जाहीर केले, तेव्हा आम्ही मनातून हिरमुसलो. दुपारी आलो तर ती एका ओसरीवर उन्हात पाय पसरून वाचत होती. घरच्या बाईंनी तिला चहा दिला होता. आम्हाला पाहून तिने चष्मा काढला, पानात बोट ठेवले आणि विचारले, "इतक्या लवकर आलात?"