सायकल विमानात घालण्याआधी

पुणे

चि. सायलीस,


जुलैमध्ये मनाली ते लेह सायकलनं जायचं तू नक्की केलंस, चंडीगडचं स्वस्तातलं तिकीटही काढलंस, हे ऐकून बरं वाटलं. पण कोपऱ्यावरच्या दुकानात पैसे देऊन सायकल पॅक करून घेणार, असं तुझी आई म्हणाली. एवढ्याचसाठी हे पत्र. सायकल तू स्वतः खोल आणि स्वतः बांध.

आधी हिशेब कर. स्वस्त विमानांत देशांतर्गत प्रवासाला बहुधा १५ किलो सामान नेता येतं. तुझी सायकलच तेरा-चौदा किलोची, त्यात खोका तीन-चार किलोचा. म्हणजे कपड्यांची पिशवी ठेवण्याआधीच मर्यादा संपली. जादा वजन आत्ताच ऑनलाइन घे, काउंटरवर ते महाग पडतं. सायकलीचं वेगळं शुल्क आणि खोक्याच्या मापाची अट प्रत्येक कंपनीची निराळी असते. ती ईमेलनं विचार आणि उत्तराची प्रत जवळ ठेव. काउंटरवर फोनवरचं बोलणं कुणी मानत नाही. एका नगाचं वजन ३२ किलोच्या वर नको. तो उचलणाराही माणूसच असतो.

दुकानातून नव्या सायकलीचा खोका माग, बरेचदा फुकट मिळतो. पावसात विमानतळावर सामान भिजतं आणि ओला पुठ्ठा तळातून फाटतो. म्हणून आत जाड प्लास्टिक अंथर आणि तळाच्या जोडांवर रुंद टेप दुहेरी मार.

आता खोलायला घे. सीटची उंची दांड्यावर टेपनं खूण करून ठेव, मग दांडा काढ. पॅडलला १५ मिमीचा पाना लागतो. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, तिथंच लोक जोर लावून आटे खराब करतात. पाना वरच्या बाजूला धरून मागच्या चाकाकडे ओढ, दोन्ही पॅडलं सुटतात. हँडल सोडवून फ्रेमला समांतर बांध. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, तो ज्या हँगरवर बसतो त्यावरून सोडव, केबल तशीच राहू दे, बबल रॅपमध्ये गुंडाळून फ्रेमच्या आत झिप टायनं बांध. हँगर मुद्दामच मऊ ॲल्युमिनियमचा केलेला असतो, धक्का बसला की आधी तो वाकतो. एक जादा हँगर बरोबर असू दे. पुढचं चाक काढल्यावर फोर्कच्या दोन टोकांमध्ये प्लास्टिकचा स्पेसर घाल, नाहीतर वजनाखाली ती आत दबतात. डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सरकव. चाक बाहेर असताना लिव्हर दाबला गेला तर पॅड चिकटून बसतात. फ्रेमला एसीच्या पाइपवर घालतात तो काळा फोम चढव. सुटे नट-बोल्ट एका पिशवीत घालून ती फ्रेमलाच बांध.

टायरमधली हवा कमी कर, पण पूर्ण काढू नको. विमानातला दाब साधारण ८,००० फुटांवरच्या हवेइतका राखलेला असतो. त्यामुळे टायरवर जास्तीचा फरक तीन-चार पीएसआयचाच पडतो, त्यानं टायर फुटत नाही. तरी काउंटरवर विचारतात. थोडी हवा ठेवलीस तर रिमला आधार राहतो.

पंक्चरचं सोल्यूशन ज्वालाग्राही आहे, ते विमानात चालत नाही. स्प्रेचे डबे आणि हवेची छोटी गॅस सिलिंडरंही नकोत. हातपंप घे, सोल्यूशन चंडीगडला विकत घे. पॉवर बँक आणि दिव्यांच्या सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानात, पाने-हत्यारं मात्र खोक्यात. तपासणीत खोका उघडायला लावतात, तेव्हा टेपचं एक रीळ हाताशी असू दे.

देशांतर्गत प्रवासात सामानाची भरपाई प्रवाशामागे जास्तीत जास्त २०,००० रुपयांपर्यंत मिळते. तुझी सायकल त्याहून किती महाग आहे ते तुला ठाऊक आहे. म्हणून बांधायच्या आधी आणि बांधल्यावर फोटो काढ. चंडीगडला उतरल्यावर खोका फाटलेला दिसला तर तिथंच उघड आणि बाहेर पडायच्या आधी लेखी तक्रार नोंदव.

परतीचं वेगळंच. लेहचा विमानतळ सुमारे ३,२५० मीटरवर आहे. विरळ हवेत विमानाला पूर्ण वजन घेऊन उडता येत नाही, म्हणून तिथं सामानावर जास्त कडक नजर असते. परतीच्या सायकलीचं आधीच विचारून ठेव आणि लेहला पोहोचशील त्याच दिवशी खोका शोधायला लाग.

दुकानदार हे सगळं तुझ्याहून चटकन करेल, हे खरं. पण वाटेवरच्या सरचू किंवा पांगला तो बरोबर नसेल. खडबडीत रस्त्यावर हेच बोल्ट सैल होतील, हाच हँगर वाकेल, आणि ॲलन की तुझ्याच हातात असेल. घरी शांतपणे एकदा सायकल खोलून जोडलेली असली की तिथं हात अडत नाहीत. स्वतः पॅक करण्यातला हा फायदा मला दुकानाचे पैसे वाचण्यापेक्षा मोठा वाटतो.

तेव्हा शनिवारी सायकल घेऊन ये. खोका मी आणून ठेवते. बोल्ट तू सोडवायचेस, मी फक्त टेप धरीन.

तुझी,
आत्या