मिरजगावाहून मुंढव्यास

अहिल्यानगरहून सोलापुराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कर्जत तालुक्यात आमचे मिरजगाव आहे. मुलूख अवर्षणाचा. येथे मजजवळ संस्कृत शिकलेला एक विद्यार्थी पुण्यास मुंढव्यातील मद्यशाळेत बिअर तयार करण्याचे काम करतो, हे कळल्यापासून वडिलांनी त्याच्याशी बोलणे टाकले होते. गेल्या माघात ते माझ्या ओसरीवर येऊन म्हणाले, "गुरुजी, पोरगं तुमच्या हाताखालचं. एकदा बघून या, करतो तरी काय. तुम्ही सांगाल ते ऐकीन." तेव्हा साठी उलटल्यावर प्रथमच मी असल्या जागेची पायरी चढलो.

पुण्यात अशा मद्यशाळा आता पुष्कळ आहेत. २००९ मध्ये निघालेल्या 'डूलाली'चे नाव तर आपल्या देवळालीवरूनच आलेले! तेथील छावणीत जहाजाची वाट पाहत खितपत पडलेले गोरे शिपाई भ्रमिष्टासारखे वागत, म्हणून इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थच 'वेडसर' असा झाला.

विद्यार्थ्याने वाकून नमस्कार केला व सारा कारखाना दाखविला. सातूला मोड आणून वाळवितात व भरडतात. आपल्याकडे बाळासाठी नाचणीला मोड आणतात, त्याचाच हा मोठा पसारा. भरड ऊन पाण्यात भिजवून निघालेला गोड रस हॉप नावाच्या कडू फुलांसह उकळतात आणि निवल्यावर त्यात किण्व सोडतात. बेल्जमच्या धर्तीच्या कडक बिअरमध्ये साखरही पडते. ती जवळजवळ सगळी आंबून जाते, म्हणून पेय जिभेला हलके आणि अंमलाला भारी होते. ह्या साखरेला तिकडे 'कँडी' म्हणतात.

"गुरुजी, हा आपलाच 'खण्ड' ना?" विद्यार्थ्याने विचारले.

होय, फारसी-अरबीतून युरोपात गेलेला. मनूने गौडी, पैष्टी आणि माध्वी अशा तीन सुरा सांगितल्या आहेत. ही पैष्टी खरी, पण गौडीकडे झुकलेली. बेल्जमात वेस्टमाले येथील मठातले ख्रिस्ती साधू हिच्यावर मठाचा खर्च चालवितात. १९१९ च्या कायद्याने तेथील पेयगृहांत ब्रँडीसारख्या मद्यांची विक्री बंद झाली, तेव्हा कडक बिअरला मागणी वाढली.

न चाखता साक्ष कशी द्यावी? महाराष्ट्रात मद्यप्राशनास परवाना लागतो. तो एका दिवसापुरताही मिळतो. तो घेऊन मी दोन घोट घेतले. पिकल्या केळ्याचा वास, मागाहून लवंग, थोडा मिऱ्याचा तिखटपणा.

"लवंगा किती घातल्यास?"

"एकही नाही, गुरुजी. हे सगळं किण्वच करतं."

चव आरंभी गोडसर, शेवटी कोरडी व कडवट. रुचीची निंदा मजच्याने करवत नाही. परंतु साधारण बिअरमध्ये मद्यार्क शेकडा पाचच्या आसपास असतो, हिच्यात त्याहून पुष्कळ अधिक. आणि दोनच घोटांत माझे कान तापले. एवढी सौम्य भासून एवढी चढणारी वस्तू मला तरी अधिक भयाची वाटते.

गावी परतल्यावर वडिलांना हे सर्व जसेच्या तसे सांगितले. काम स्वच्छ आहे, नेटके आहे, त्यात लबाडी नाही. पण ती सुरा आहे आणि कडक आहे. ते टोपी हातात फिरवीत ऐकत होते. मग म्हणाले, "घरी कधी येतो म्हणाला?"

खण्ड शब्दाची कुळकथा मी काढीत बसलो, पण हे विचारावयाचे राहूनच गेले होते. मी मुकाट्याने फोन काढला, विद्यार्थ्याचा क्रमांक लावला आणि तो त्यांच्या हाती दिला.