लोखंडावरचा बदाम!

थांबा, आधी चष्मा लावा! आणि मोबाइलचा टॉर्च सुरू करा. दिसलं? नाही? अहो, नीट बघा की!

सांगते. मला सुतारकामातलं ओ की ठो कळत नाही. घरात साधा खिळा ठोकायचा तरी शेजारच्या काकांना हाक मारणारी मी! पण गेल्या रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात पितळी समई बघायला म्हणून गेले आणि आले ती गंजका लोखंडी रंधा घेऊन. का घेतला? त्याच्या नाकाडावर उठावाच्या अक्षरांत ‘बेली’ लिहिलं होतं, बस्स, एवढंच! घरच्यांनी कपाळाला हात लावला.

रात्री जुन्या टूथब्रशने घासत बसले. आणि मग पात्यामागच्या खळग्यात अक्षरं दिसायला लागली, आणि मग आकडे, आणि मग चक्क तारखा! एक नाही, तीन! २५ मार्च ०२, १९ ऑगस्ट ०२, १९ एप्रिल १०! ‘१९०२चा आहे!’ मी एवढ्यांदा ओरडले की झोपलेली माणसं उठली. आणि साफ चूक! त्या पेटंटच्या तारखा. रंधा त्या दिवशी जन्मला असं नव्हे, त्याआधीचा तो असू शकत नाही, एवढंच. म्हणजे धरायची शेवटची तारीख. १९१० नंतरचा!

मग पातं उलटवलं. त्यावर इंग्रजीत ‘एसडब्ल्यू’, आणि त्याच छापात, हसू नका, बदाम! पत्त्यातला असतो ना, तस्सा! एवढ्या रांगड्या हत्यारावर बदाम कोण काढतं? स्टॅनले! अमेरिकेतल्या न्यू ब्रिटन गावची कंपनी. तिचे कितीतरी वर्षं अध्यक्ष होते विल्यम हार्ट, म्हणून हार्ट! आडनावाचं चित्र! हा छाप साधारण १९२० ते १९३५मधला.

पण पुढची मूठ? बुटकी, लिंबाएवढी. आणि स्टॅनलेने ती उंच केली १९१९च्या सुमारास. म्हणजे धड आधीचं, पातं नंतरचं! मला दोन मिनिटं काही सुचेना. कुणीतरी पहिल्या पात्याला धार लावून लावून ते पार झिजवलं असणार, आणि मग हे बदामवालं आणून बसवलं असणार, आणि मग पुन्हा कामाला लागला असणार, आणि मी इथे टूथब्रश घेऊन त्याच्या हजेरीचा हिशोब लावतेय!

आता कुणाच्याही घरी गेले की आधी हत्यारांची पेटी मागते. काकांच्या पक्कडीवर ‘मेड इन वेस्ट जर्मनी’ निघालं! तो देश होता १९४९ ते १९९०, म्हणजे पक्कड त्याच्या मधलीच! काका तिने चाळीस वर्षं तारा वाकवतायत आणि त्यांनी एकदाही वाचलं नव्हतं.

तुमच्याही माळ्यावर आजोबांची पेटी असेल. आजच काढा! तेलाचे दोन थेंब, टूथब्रश, टॉर्च. फक्त पॉलिश पेपर हातात घेऊ नका हो! मी उत्साहाच्या भरात पातं चकचकीत करायला गेले, आणि बदामाचा डावा गाल कायमचा गेला.